दमट हवा आणि जर्बिलाची दुखणी

अंबरनाथ पूर्वेस आषाढ लागला की भिंतींस ओल येते, डब्यातले पापड मऊ पडतात आणि दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. अशा दिवसांत ज्या घरी मुलांच्या हौसेखातर जर्बिल पाळलेला असेल, तेथील वडीलधाऱ्या मंडळींस आम्ही दोन शब्द सांगू इच्छितो.

उंदराच्या जातीचा हा चिमुकला प्राणी मूळचा मंगोलिया व उत्तर चीनच्या रुक्ष माळांवरचा. आर्द्रता शेकडा ५० च्या वर गेली की त्याचे केस विस्कटून चिकट दिसतात. तेवढ्यावरून घाबरू नये. मात्र पिंजरा वाहत्या हवेत ठेवावा, भिजलेले कागदाचे कपटे रोज काढावेत आणि लोळण्यास कोरडी, स्वच्छ वाळू द्यावी.

नाकाशी तांबूस डाग दिसल्यास ते रक्तच असे समजू नये. डोळ्यामागील ग्रंथीचा स्राव तांबूसच असतो. वाळूत लोळून जर्बिल तो पुसून टाकतो. तो साचला तर कातडी सोलवटते व तेथे जंतू शिरतात.

मुलांस एक ताकीद अवश्य द्यावी: शेपटीस धरून उचलू नये. शेपटीची कातडी सहज निसटते व ती पुन्हा येत नाही. कित्येक जर्बिलांस हाताळताना झटके येतात. तो दोष बहुधा आनुवंशिक असतो. अशा वेळी त्यास शांत ठेवावे. थोड्याच वेळात तो सावरतो. परंतु जुलाब होणे, खाणे टाकणे, पाठीची कमान करून कोपऱ्यात बसणे, ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. घरातील उरलीसुरली औषधे तर कदापि देऊ नयेत. स्ट्रेप्टोमायसीन जर्बिलास विषवत् ठरते. जवळपास जाणता वैद्य नसल्यास परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय आपल्याच मध्य रेल्वेच्या वाटेवर आहे.

शेवटची गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. लहान प्राणी आपले दुखणे लपवितात, आणि भरल्या घरात ‘कोणीतरी पाहिले असेल’ असे म्हणता म्हणता दिवस निघून जातो. सर्वांचा लाडका प्राणी पाहण्याच्या वेळी कोणाचाच नसतो. म्हणून हौस मुलांची असली तरी रोज सकाळी पिंजऱ्यापाशी दोन मिनिटे बसण्याचे काम घरातील एका मोठ्या माणसाने नेमून घ्यावे, आणि शेजारी मुलासही बसवावे. मुक्या जिवाची काळजी कशी घ्यावी, हे ते तेथेच शिकेल.