गाऱ्हाणे दिल्लीलाच घालावे

संसदेचे अधिवेशन सुरू झाले की एक ठरावीक कुरकुर कानावर येऊ लागते. एखादा खासदार शून्य प्रहरात उभा राहतो, आपल्या तालुक्यातले रेल्वे फाटक, बंद पडलेला बीएसएनएलचा टॉवर किंवा पोस्टात अडकलेले पैसे यांवर दोन-तीन मिनिटे बोलतो, आणि इकडे रोज अग्रलेख वाचणारी जाणती मंडळी नाक मुरडतात. याला दिल्लीला कशासाठी धाडले, गटारे मोजायला? देशापुढे परराष्ट्र धोरण आहे, अर्थसंकल्प आहे, घटनेचे पेच आहेत, आणि हा गृहस्थ फाटकावर बोलतोय! खासदाराकडून काही मोठे मागण्याची इच्छा या तक्रारीत आहे, म्हणून ती एकदम झटकून टाकता येत नाही. पण ती ज्या गृहीतांवर उभी आहे ती तपासायला घेतली की पाया पोकळ निघतो. मतदारसंघातल्या सार्वजनिक सेवांचे गाऱ्हाणे संसदेत मांडणे हे खासदाराचे फुटकळ काम मुळीच नव्हे. सभागृहाने केलेला कायदा गावात पोहोचेपर्यंत त्याचे काय होते, याचा पुरावा परत सभागृहापुढे आणण्याचा तो सर्वांत सरळ मार्ग आहे. मात्र गाऱ्हाणे घालण्याचीही एक रीत असते, आणि ती न पाळणाऱ्या खासदारांमुळेच टीकाकारांचे फावते.

स्थानिक प्रश्नांत गुंतलेला माणूस राष्ट्रीय प्रश्नांत कच्चा राहतो, हे यातले सर्वांत लाडके गृहीत. कोकणाने ते फार पूर्वी निकालात काढले आहे. १९५७ पासून १९७१ मध्ये निधन होईपर्यंत राजापूरचे प्रतिनिधित्व करणाऱ्या बॅरिस्टर नाथ पैंनी कोकणच्या रेल्वेची मागणी लावून धरली. आणि गोलकनाथ खटल्याच्या निकालानंतर, मूलभूत हक्कांच्या प्रकरणातही दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार पुन्हा प्रस्थापित करू पाहणारे खासगी विधेयकही त्यांनीच आणले. ते विधेयक योग्य होते का, यावर आजही दोन तट पडतील. पण त्या काळातली सर्वांत गहन घटनात्मक चर्चा आणि ‘आमच्याकडे गाडी कधी येणार’ हा प्रश्न एकाच बाकावरून विचारले जात होते, आणि त्यामुळे नाथ पैंच्या वक्तृत्वाला कुणी गावंढळ म्हटले नाही. त्यांच्या पाठोपाठ मधु दंडवते त्याच राजापुरातून सलग पाच वेळा निवडून आले. १९७७ मध्ये ते रेल्वेमंत्री झाले, तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी बसवण्याचा निर्णय त्यांच्याच काळात झाला. बाकावर रात्र काढणाऱ्याचे अवघडलेले अंग हाही धोरणाचा विषय असतो, हे ज्याला कळते त्यालाच असे सुचते. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले तेव्हा दंडवते अर्थमंत्री होते आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा ७४१ किलोमीटरचा मार्ग १९९८ मध्ये पूर्ण खुला झाला. एकेकाळी ‘त्या कोकण्यांचे तुणतुणे’ वाटलेली मागणी आज मुंबई, गोवा, कर्नाटक आणि केरळ यांना जोडणारा मार्ग होऊन बसली आहे, आणि तिला स्थानिक म्हणायला आता कुणाची जीभ रेटणार नाही. राहिला वेळेचा मुद्दा. फाटके आणि थांबे यांनी कायद्यांचा वेळ खाल्ला असे म्हणावे, तर पहिली लोकसभा ६७७ दिवस भरली होती आणि २०१९ ते २०२४ ची सतरावी लोकसभा २७४ दिवस. पूर्ण मुदत काढलेल्या लोकसभांमधला हा नीचांक आहे. वेळ खाल्ला असेल तर तो न भरलेल्या दिवसांनी खाल्ला.

आता अधिक अभ्यासू वाटणारा आक्षेप घेऊ. घटनेच्या सातव्या अनुसूचीत कामांची वाटणी झालेली आहे. पाणी, सार्वजनिक आरोग्य, स्थानिक स्वराज्य संस्था हे राज्याचे विषय, मग खासदाराने त्यात नाक का खुपसावे? हा आक्षेप मंत्रालयांनाही फार प्रिय आहे. आरोग्य मंत्रालयाची कितीतरी उत्तरे ‘सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा राज्यसूचीतील विषय आहे’ या वाक्याने सुरू होतात. पण याच मंत्रालयाच्या राष्ट्रीय आरोग्य अभियानात महाराष्ट्रासारख्या राज्यात ६० टक्के पैसा केंद्राचा असतो. पाणी राज्याचे, पण घरोघरी नळ देण्याची जलजीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ रोजी लाल किल्ल्यावरून झाली. फलक लावताना योजना केंद्राची आणि नळ कोरडा राहिला की विषय राज्याचा, ही वाटणी घटनाकारांनी केलेली नाही.

हे नीट पाहायचे तर कोणत्याही रेशन दुकानाच्या ओट्यावर दहा मिनिटे उभे राहावे. सत्तरीची एक बाई पॉस मशीनच्या काचेवर अंगठा ठेवते. आयुष्यभर भांगलणी, कापणी आणि राखेने भांडी घासून अंगठ्यावरच्या रेषा पुसट झालेल्या. मशीन नाही म्हणते. ती पदराने बोट पुसते, दुकानदार दुसरे बोट ठेवायला सांगतो, मग तिसरे. मग ‘रेंज गेली, उद्या या’. आता हे गाऱ्हाणे कोणाचे? धान्याचा हक्क संसदेने २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने दिलेला. धान्य केंद्राच्या साठ्यातले. लाभार्थ्यांची यादी आणि दुकानाचा परवाना राज्याकडे. आधारचे प्राधिकरण केंद्राचे, रेंज दूरसंचार कंपनीची. या सगळ्या याद्या आणि अनुसूच्या त्या बाईच्या एका अंगठ्याखाली एकत्र येतात, आणि तो अंगठा लागला नाही की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. तिच्या गावच्या सरपंचाला हा कायदा बदलता येणार नाही, तहसीलदाराला मशीनची अट उठवता येणार नाही. ज्या सभागृहाने हक्क दिला, त्याच सभागृहात ‘तो हक्क अमुक तालुक्यात अंगठ्यापाशी अडतो’ हे सांगणारा माणूस हवा, आणि तिथे बसलेल्यांपैकी ते काम तिच्या खासदाराचे आहे. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत आलेल्या पेन्शनरांची गोष्ट याहून वेगळी नाही. वरून पाहता ही एका गावची तक्रार. पण यंत्रणेच्या आखणीतला दोष नेहमी कुठल्या तरी एका गावातच प्रथम दिसतो. देशभर एकदम तो कुणालाच दिसत नाही.

‘नगरसेवकाकडे जा’ असे सांगणाऱ्यांना एवढेच विचारावे की कोणत्या नगरसेवकाकडे? मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक बसला. पुणे आणि इतर अनेक शहरांचीही तीच तऱ्हा. त्र्याहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने लोकशाहीचा तिसरा मजला बांधला खरा, पण त्याला इतका काळ कुलूप असेल तर माणसे वरच्या मजल्यावर हाका मारणारच. शिवाय नागरी प्रश्नावर लढणाऱ्यांनी हे मजले कधी फार मानले नाहीत. मृणाल गोरे गोरेगावच्या पाण्यासाठी लढत १९६१ मध्ये महापालिकेत गेल्या, १९७२ मध्ये विधानसभेत आणि १९७७ मध्ये लोकसभेत. ‘पाणीवाली बाई दिल्ली में’ ही त्या निवडणुकीनंतरची घोषणा जुन्या मुंबईकरांना अजून पाठ आहे. दिल्लीला जाताना त्यांच्या नावाचे ‘पाणी’ कुणी पुसून घेतले नाही.

या सगळ्याहून कठीण आक्षेप व्यवहारी माणसांचा आहे, आणि तो विद्वानांच्या आक्षेपापेक्षा जास्त पसरलेला आहे. भाषणाने काय होते? खासदाराने मंत्र्याला पत्र द्यावे, अधिकाऱ्याला फोन लावावा, वर्षाला पाच कोटींचा खासदार निधी आहे त्यातून रस्ता करून टाकावा. काम झाल्याशी मतलब. एका खासदारामागे महाराष्ट्रात सरासरी विधानसभेचे सहा मतदारसंघ असतात, मतदार सुमारे १९ लाख. पाच कोटी रुपये वाटायला काढले तर माणशी वर्षाला २६ रुपये येतात, हे आधी लक्षात घ्यावे. पण खरा मुद्दा पत्राचा आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण दगावले. तो पूल अपुरा आहे हे कुणाला माहीत नव्हते असे नाही. खासदारांची पत्रे रेल्वेकडे गेलेली होती, नवा पूल कागदोपत्री मंजूरही झालेला होता. माणसे मेल्यावर लष्कराला बोलावले गेले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये नवा पूल उभा राहिला. म्हणजे काही महिन्यांत होण्यासारखे काम फायलीत वर्षानुवर्षे पडून होते. कुणी म्हणेल, मग संसदेत विचारून तरी काय दिवे लागले असते? कदाचित लागले नसतेही. पण पत्राला उत्तर द्यायचे की नाही ही मंत्र्याची मर्जी. दिले तरी ते दोघांच्या फायलीत राहते, आणि मोडलेल्या शब्दाचा साक्षीदार कुणी नसतो.

प्रश्नाचे तसे नाही. लोकसभेत एका दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. अतारांकित प्रश्नाचे लेखी उत्तर ठरल्या तारखेला पटलावर यावेच लागते आणि ते छापले जाते. उत्तरात ‘माहिती गोळा केली जात असून पटलावर ठेवली जाईल’ असे मोघम वाक्य टाकून मंत्री सुटला असे वाटते, पण लोकसभेची आश्वासन समिती अशा वाक्यालाही आश्वासन मानते. १९५३ पासून ही समिती काम करते, आणि आश्वासन तीन महिन्यांत पुरे करणे अपेक्षित असते. मंत्रालये मुदतवाढ मागतात, कधी आश्वासन वगळण्याची विनंतीही करतात, हे खरे. पण त्यासाठी त्यांना मागावे लागते, आणि त्याची नोंद राहते. फोनवर दिलेल्या शब्दाला असली समिती नसते. कोकणात देवळापुढे गाऱ्हाणे घालतात तेव्हा ते मनातल्या मनात घालत नाहीत. गावकऱ्यांच्या समोर, मोठ्याने, नाव-गाव घेऊन घालतात, आणि प्रत्येक वाक्याला सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. सगळ्यांनी ऐकले म्हणून ते गावाचे गाऱ्हाणे होते. इंग्लंडच्या पार्लमेंटची घडणही याच आग्रहातून झाली की राजाने आधी प्रजेची गाऱ्हाणी ऐकावीत आणि मग कर मागावा. संसदेला कमीपणा येईल म्हणून गाऱ्हाणी बाहेर ठेवा म्हणणारे संसद कशासाठी जन्मली हेच विसरतात.

इथपर्यंत खासदाराची बाजू घेतली, आता त्याचे माप त्याच्या पदरात घालू. शून्य प्रहर ही नियमावलीत नसलेली, वहिवाटीने आलेली सोय आहे. तिथे बोललेल्यावर मंत्र्याने उत्तर द्यावे असे बंधन नाही. तरी बहुतेकांची धाव तिकडेच, कारण दोन मिनिटांची चित्रफीत संध्याकाळपर्यंत मतदारसंघातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप गटात फिरते. लेखी प्रश्नाची चित्रफीत होत नाही. त्याला किमान १५ दिवस आधी नोटीस द्यावी लागते, आकडे गोळा करावे लागतात, शब्द जपून वापरावे लागतात. ‘माझ्या मतदारसंघात मोबाइलची सेवा खराब आहे हे खरे आहे काय?’ असे विचारले की मंत्रालय ‘नाही’ लिहिते आणि पुढच्या सगळ्या भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ असा शिक्का मारते. तेच, अमुक जिल्ह्यात किती टॉवर मंजूर, किती सुरू, वीज गेल्यावर ते किती तास चालतात, त्यांच्या बॅटऱ्या शेवटच्या कधी बदलल्या, असे विचारले तर ‘नाही’ म्हणून सुटता येत नाही. एक आकडा तरी छापावा लागतो, आणि तो खोटा असेल तर गावातला शाळकरी पोरगाही टॉवरखाली उभा राहून तो खोडून काढील. नियम ३७७ खाली वाचलेल्या निवेदनाला मंत्रालयाकडून लेखी उत्तराची अपेक्षा असते. तेही शून्य प्रहरापेक्षा बरे. रागाने ओरडणारा आणि चिकाटीने विचारणारा यांत मतदाराने फरक केला नाही, तर खासदार ओरडण्याचाच मार्ग धरणार. यात दोष निम्मा आपला आहे.

संकुचितपणाची भीतीही अगदीच अनाठायी नाही. प्रत्येक खासदाराने आपल्या स्थानकावर थांबा मागितला तर एक्सप्रेसची पॅसेंजर होईल. पण थांबा काय फक्त भाषणाने मिळतो? तो ओळखीनेही मिळतो, आणि तेव्हा शेजारच्या तालुक्याला ‘आमचे काय?’ विचारायला जागा राहत नाही. सभागृहात मागितलेल्या थांब्यावर दुसरा खासदार आक्षेप घेऊ शकतो, प्रवाशांचे आकडे मागू शकतो. राहता राहिले प्रश्न विकले जाण्याचे. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल दोन्ही सभागृहांतून मिळून ११ खासदारांची हकालपट्टी झाली. या घटनेचा दाखला देऊन कुणी प्रश्नांचीच किंमत कमी करू लागला तर त्याला सांगावे की ज्याला किंमत नाही ते विकत कोण घेईल? आणि तिथे विकले गेलेले प्रश्न रेशनच्या रांगेतून आलेले नव्हते. ज्या प्रश्नामागे तालुका, दुकान आणि तारीख असते, त्याचा खरा मालक कोण हे सहज ताडून पाहता येते.

म्हणून जत्रेला, लग्नाला किंवा सप्त्याला आलेल्या खासदाराला हार घालून झाला की ‘संसदेत आमचा विषय मांडलात, बरे केलेत’ एवढ्यावर न थांबता प्रश्नाचा क्रमांक, उत्तराची तारीख आणि उत्तराची प्रत मागावी. लोकसभेच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळते, हिंदी आणि इंग्रजीत. तिचे मराठी करून द्यायला खासदाराच्या कार्यालयात एक माणूस पुरतो. रेशन दुकानाच्या दारावर ‘सर्व्हर डाऊन’चा कागद चिकटवलेला असतो, त्याच्या शेजारी तेवढी जागा असते.