टॉल्स्टॉय इथे चुकले

चेखॉवच्या या दोन्ही कथा १८९९ मधल्या. वर्षाच्या आरंभी ‘डार्लिंग’, अखेरीस ‘कुत्रावाली बाई’. पहिली टॉल्स्टॉयना इतकी आवडली की घरी आल्यागेल्याला ते ती वाचून दाखवत. पुढे तिच्यावर त्यांनी टिपणही लिहिलं. दुसरीवर मात्र १९०० च्या जानेवारीत रोजनिशीत नाक मुरडलं: हा सगळा नीत्शेचा प्रताप, या माणसांना बऱ्यावाइटाचा विवेकच नाही.

टिपणातला युक्तिवाद असा. चेखॉव ‘डार्लिंग’च्या नायिकेची, ओलेंकाची, टर उडवायला बसला, पण बायबलातल्या बलामासारखा शाप द्यायला गेला आणि तोंडून आशीर्वाद निघाला. स्वतःला पुरतं वाहून टाकणारी ओलेंका हास्यास्पद नव्हे, पवित्र आहे.

यातलं अर्धं मान्य. ओलेंकाला हसताहसता चेखॉवला तिचा लळा लागतो. तिला बिनडोक म्हणून निकालात काढणाऱ्या वाचकांना ते दिसत नाही. पण वाहून टाकलं की प्रेम झालं, हे कथेलाच कबूल नाही. नाटकवाला कुकिन नवरा असतो तोवर तिला जगात नाटकाहून मोठं काही नसतं. तो जातो, लाकडाच्या वखारीतला पुस्तोवालोव येतो, की स्वप्नातही फळ्या आणि तुळया. मग गुरांचा डॉक्टर. त्याच्या पाहुण्यांपुढे ती गुरांच्या साथीवर बोलू लागते. ते गेल्यावर तो तिचा हात धरून फणकारतो, कळत नाही त्यात तोंड घालू नकोस म्हणून. शेवटी त्या डॉक्टरचा मुलगा साशा. शाळेच्या वाटेवर ती मागोमाग जाते, हाक मारून त्याच्या हातात खाऊ कोंबते. पोर शरमतं. मावशी, आता घरी जा, मी जाईन, म्हणतं. ती ऐकते कुठे? कथेचे शेवटचे शब्द साशाचे आहेत. झोपेत तो कुणाला तरी दूर हो म्हणून दटावतो आहे. आशीर्वाद असा असतो?

आता ‘कुत्रावाली बाई’तला गुरोव. याल्टाच्या हॉटेलात ती बाई, ॲना, आपण घसरलो म्हणून कासावीस झालेली, आणि हा टेबलावरच्या कलिंगडाची फोड कापून सावकाश खात बसतो. निदान अर्धा तास कुणी बोलत नाही. प्रेमकथेची इतकी कोरडी सुरुवात मला दुसरी आठवत नाही. पुढे मॉस्कोच्या हॉटेलात ॲना पुन्हा रडते. रडू दे, म्हणत तो खुर्चीत बसतो, चहा मागवतो. वाटतं, पुन्हा तेच कलिंगड. पण तो उठतो, तिच्या खांद्यांवर हात ठेवतो, आरशात आपले पिकू लागलेले केस त्याला दिसतात आणि तिची कणव येते. मग दोघं बसून यातून वाट कशी काढायची याचा खल करतात. ओलेंकाच्या कथेत असा खल एकदाही होत नाही.

विवेक नाही म्हणावं तर ॲनाकडे जाताना गुरोव मुलीला शाळेत सोडतो, हिवाळ्यात वीज का कडाडत नाही ते तिला समजावतो, आणि मनात आपल्या दुहेरी जगण्याचा हिशेब मांडत असतो. त्याला सगळं कळतं. सुटका तेवढी सापडत नाही.

टॉल्स्टॉयना भांडायचंच होतं तर गुरोवच्या बायकोच्या बाजूने भांडायचं. ताठ, काळ्या भुवयांची, स्वतःला विचारी म्हणवणारी: एवढ्या चार शब्दांत चेखॉव तिची बोळवण करतो. तिचं काय, हे ना गुरोव विचारतो, ना चेखॉव.