फेब्रुवारीचे जादा शंभर रुपये

फेब्रुवारीचा पगार झाला की माझ्या एका मैत्रिणीचा हमखास मेसेज येतो, ‘अरे, शंभर रुपये जास्त का कापले?’ ती हिंजवडीत, फेज टूला. अकरा महिने प्रोफेशनल टॅक्सचे २०० आणि फेब्रुवारीत ३००. झाले वर्षाचे २५००. त्याहून जास्त घेताच येत नाहीत, कारण ही मर्यादा थेट राज्यघटनेत आहे आणि १९८८ पासून तेवढीच आहे. (कॅन्टीनवाल्यानं १९८८ चे दर ठेवले असते तर काय मजा!) मी फ्रीलान्सर, माझे अडीच हजार एकदमच जातात.

यंदा तिनं वेगळाच प्रश्न टाकला. तिच्या टीममधला चेन्नईवाला म्हणे हाच टॅक्स तिथल्या महापालिकेला भरतो, सहा महिन्यांतून एकदा. मग आपला कुठे जातो?

आपला जातो राज्य सरकारकडे. महाराष्ट्रानं तो १९७५ मध्ये आणला रोजगार हमीसाठी. दुष्काळी गावातल्या हातांना काम मिळावं म्हणून पगारदारानं थोडा भार उचलायचा. आयडिया सॉलिडच होती, तक्रार नाही. पण तामिळनाडूत हा पैसा स्थानिक संस्थांचा. चेन्नईत नवी कंपनी आली, हजार जण कामाला लागले, की पालिकेच्या गल्ल्यातही थोडी भर पडते.

आता हिंजवडी बघा. २०२५ च्या पावसाळ्यात रस्त्यांचे ओढे झाले, तेव्हाही या आयटी पार्कचं गाव ग्रामपंचायतच होतं. पार्क एमआयडीसीचं, प्लॅनिंग पीएमआरडीएचं, महापालिका शेजारच्या हद्दीत. तुमचा इन्कम टॅक्स दिल्लीला, जीएसटी दिल्ली आणि मुंबईत वाटून, प्रोफेशनल टॅक्स मुंबईला. जुलैत तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री अजित पवार भल्या सकाळी पाहणीला आले. लोकांना कौतुक वाटलं, मला जरा धास्तीच. पाणी कुठे तुंबतंय हे बघायला राज्याच्या तिजोरीची चावी असलेला माणूस लागतो? ज्यांच्या दारात ते तुंबतं, त्यांच्या हातात ना पैसा ना अधिकार.

शेजारच्या पिंपरी-चिंचवडमध्ये एकेकाळी उलटं होतं. मार्च २०१३ पर्यंत तिथे जकात होती. कारखान्याचा माल नाक्यावरून आत आला की पालिकेला पैसे. कारखाने वाढले की पालिका गब्बर, त्यामुळे रस्ते रुंद करण्यात तिचाच फायदा. जकात वाईटच होती हो! ट्रकच्या रांगा, नाक्यावरची चिरीमिरी, वर मालही महाग. ती परत आणा असं कोण म्हणेल? मग एलबीटी आला, ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटीनं सगळंच पुसून टाकलं. तेव्हापासून राज्य सरकार भरपाई देतं, जुन्या आकड्यावर ठरलेली वाढ धरून. मालमत्ता कर सोडला, तर शहरात धंदा वाढो की बसो, या चेकला त्याचा पत्ताच नाही.

चीननं १९८० च्या दशकात प्रांतांना सांगितलं होतं, ठरलेला हिस्सा वर पाठवा, उरलेला महसूल तुमचा. तिथले अधिकारी कारखान्यांसाठी अक्षरशः धावत सुटले. शेजारच्या प्रांताचा माल अडवण्याचे प्रतापही त्यांनीच केले आणि १९९४ मध्ये बीजिंगनं करांचा मोठा वाटा पुन्हा स्वतःकडे ओढला. पण वाढीतला वाटा मिळाला की सरकारी माणूससुद्धा हलतो, एवढं तर दिसलं.

हे सगळं मी मैत्रिणीला फोनवर ऐकवलं. ती कॅबमध्ये होती, कॅब जागची हलत नव्हती, त्यामुळे तिनं ऐकूनही घेतलं. मग तावातावानं म्हणाली, ‘आमच्या टॅक्समधले निम्मे तरी इथल्या गावाला द्यायला हवेत, आम्ही मागायला पाहिजेत.’

‘नक्की माग. इथल्या मतदारयादीत तुझं नाव आहे?’

‘छे, माझं सोलापूरला आहे.’