मदरबोर्ड घेताना

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणे. मुलाने हट्ट धरला तर अम्मी-अब्बांनी आधी मदरबोर्डाचा चिपसेट विचारावा. इंटेलचा 'के' अक्षराचा महागडा प्रोसेसर बी७६० बोर्डावर चालतो, पण त्याचा वेग वाढवता येत नाही. त्याला झेड७९०सारखा 'झेड' मालिकेचा चिपसेट लागतो. जादा पैसे पाण्यात! आम्ही याला इसराफच म्हणतो. एएमडीत बी६५० वर भागते, ए६२० वर नाही. मग प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग, व्हीआरएम, पाहावा. त्यावर धातूचे जाड हीटसिंक हवेत. रंगीत दिव्यांनी बोर्ड थंड राहत नाही. प्रोसेसर बिघडला तर वॉरंटीही हातची जाऊ शकते, हे मुलाला आधी सांगावे. आणि बिलावर बोर्डाचे पूर्ण मॉडेल लिहून घ्यावे, नुसते 'मदरबोर्ड' नको.