पिंपातील मासे आणि चाळीस दिवस



प्रायश्चित्तकाळाच्या दानातून यंदा काही गरजू कुटुंबांना मासे-भाजीचा संच द्यावा, अशी सूचना आपल्या स्वयंसेवकांच्या बैठकीत आली. खाली पिंपात मासे, वर खडीच्या वाफ्यात पालक. छोटा पंप माशांचे पाणी वर चढवतो, भाजीला खत मिळते आणि गाळलेले पाणी पुन्हा खाली येते. यालाच ॲक्वापोनिक्स म्हणतात. बेळगावात नळाला रोज पाणी येत नाही अशी कितीतरी घरे आहेत, तेव्हा तेच पाणी फिरवून वापरण्याची ही रीत आम्हाला मनापासून पटते. विरोध आहे तो एकाच गोष्टीला: राखेच्या बुधवारी पिंप द्यायचे, फादरांचा आशीर्वाद घ्यायचा आणि त्याच दिवशी चाळीस पिल्ले सोडायची.

मासे कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया टाकतात. साचला तर तोच त्यांना मारतो. खडीवर वाढणारे जिवाणू आधी त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, आणि ते भाजीचे अन्न. हे जिवाणू बाजारातून आणून लगेच कामाला लावता येत नाहीत. त्यांना रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे जवळपास आपला प्रायश्चित्तकाळच! त्यात फेब्रुवारी-मार्चचे ऊबदार पाणी त्यांना मानवते. तेव्हा राखेच्या बुधवारी पिंप भरावे, रोज चिमूटभर माशांचे खाद्य पाण्यात टाकून ते कुजू द्यावे, कुणाकडे चालू टाकी असेल तर तिच्यातली मूठभर खडी मागून आणावी. मत्स्यालयाच्या दुकानात पाणी तपासण्याचा संच मिळतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, नायट्रेट दिसू लागले, की मासे सोडावेत. ईस्टरपर्यंत पाणी तयार झाले तर उत्तमच. नाही झाले तर आणखी थांबावे.

स्वस्तात करायला आमची ना नाही. जुने निळे पिंप चालते, पण त्यात पूर्वी खाण्याचाच माल होता याची खात्री हवी. औषधाचे किंवा रसायनाचे पिंप कितीही धुतले तरी नको. खडी काळ्या दगडाची घ्यावी. तिच्यावर व्हिनेगर टाकून पाहावे; बुडबुडे आले तर त्यात चुना आहे, पाण्याचा सामू चढत राहील. नळाच्या पाण्यातले क्लोरीन उडून जाण्यासाठी ते उघड्यावर दिवसभर ठेवावे. भाजीवर मावा पडला तरी कीटकनाशक मारायचे नाही, कारण ते थेट माशांच्या घरात उतरते.

आता हिशेब. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2014 मध्ये छोट्या ॲक्वापोनिक्सवर पुस्तिका काढली. तिच्यात 1000 लिटर पाण्याला 20 किलोपेक्षा जास्त मासे नकोत, असा सल्ला आहे. आपल्या पिंपात पाणी जेमतेम 160 लिटर, म्हणजे पूर्ण वाढलेले मासे फार तर तीन किलो. चाळीस पिल्ले कुठे मावणार? आठ-दहा पुष्कळ झाली. अर्धे कापलेले पिंप म्हणजे साधारण अर्धा चौरस मीटर वाफा. त्यातल्या पालेभाजीला माशांचे रोजचे 20 ते 25 ग्रॅम खाद्य पुरते. तेव्हा या संचातून पालक, पुदिना, राजगिरा मिळत राहील, अधूनमधून माशाचे कालवण होईल, पण यावर कुणाचे घर चालणार नाही. गरिबाला दान देताना उत्पन्नाचे स्वप्न जोडून देणे आम्हाला बरोबर वाटत नाही. त्याला खाद्य विकत आणावे लागणार आहे, आणि 20 वॅटचा पंप रात्रंदिवस चालला की महिन्याला चौदा-पंधरा युनिट वीजही जाणार आहे.

वीज गेली की काय, हा खरा प्रश्न. गर्दी असलेल्या पिंपात हवा थांबली तर काही तासांत मासे तळमळू लागतात. म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप संचातच हवा. पैसे कमी पडले तर एक संच कमी द्यावा. देशी मांगूर वरची हवाही घेतो, त्यामुळे तो जास्त तग धरतो. आफ्रिकन मांगूर पाळण्यास आपल्या देशात बंदी आहे, आणि तिलापियालाही सरकारी परवानगी लागते. विकणारा हे सांगेलच असे नाही.

पाच भाकरी आणि दोन मासे वाटून झाल्यावर प्रभूने उरलेले तुकडेही गोळा करायला लावले, हे आपण दरवर्षी ऐकतो. माशाची घाणसुद्धा वाया जाऊ न देणारे हे पिंप पाहिले की आम्हाला तोच प्रसंग आठवतो. पण त्या दिवशी लोकांना आधी गवतावर बसवले होते, हेही शुभवर्तमानात लिहिले आहे.

म्हणून आमची मागणी अशी: यंदा एकच पिंप चर्चच्या मागच्या पडवीत मांडावे. ज्या कुटुंबांना संच हवा आहे त्यांनी आळीपाळीने पाणी तपासायला यावे. तोवर आपण त्यांच्या घरी जाऊन पाहू की दिवसा घरी कोण असते, वीज किती वेळ जाते, आणि खडी-पाण्याचे मिळून तीनशे किलोंहून जास्त वजन तिथली जमीन किंवा गच्ची पेलेल का.