दुकान मोबाईलवर, हिशेब कुठे?



शेतकऱ्याला भाव मिळत नाही, याचे खापर शेतकऱ्याच्याच डोक्यावर फोडायचे तंत्र जुने आहे. साठ-सत्तरच्या दशकात सांगितले गेले, 'तुम्ही कमी पिकवता म्हणून गरीब आहात. संकरित बी घ्या, खत टाका, एकरी उतारा वाढवा.' आपण वाढवला. माल वाढला आणि भाव पडला. मग सांगितले गेले, 'पीक बदला.' जुन्नर-आंबेगावाने तेही केले. द्राक्षे लावली, टोमॅटो लावला, कांद्याच्या चाळी बांधल्या. कृषी महाविद्यालयात आम्हालाही हेक्टरी उत्पादनाचे आकडेच पाठ करायला लावले होते. हिशेबपट्टी कशी वाचायची ते कोणी शिकवले नाही. आता तिसरा मंत्र निघाला आहे. 'तुम्हाला पिकवता येते, विकता येत नाही. ऑनलाइन जा. मोबाईलवर दुकान उघडा. मधला दलाल काढून टाका.'

घोडेगावापासून आळेफाट्यापर्यंत कोणत्याही गावातल्या पदवी घेऊन बसलेल्या पोराला विचारा. त्याने हे शिबिरात ऐकलेले असते, नाहीतर फी भरून मोबाईलवर ऐकलेले असते. शिबिरात चहा मिळतो, प्रमाणपत्र मिळते, वक्त्याचा सत्कार होतो. जमाखर्चाचा कागद तेवढा कोणी फळ्यावर मांडत नाही.

गैरसमज नको. मोबाईलवरच्या दुकानाला माझा विरोध नाही. तंत्रज्ञानाचे आणि बाजाराचे स्वातंत्र्य मागणारी आपली चळवळ आहे. नव्या साधनाला पाहून नाक मुरडणे हे तिचे काम नाही. चाकणचा कांदा रस्त्यावर आणणारे शरद जोशी स्वतः डाक खात्यातले. पुढे स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक डाक संघात नोकरी करून ते आंबेठाणला जमीन कसायला आले. पुडके इथून तिथे पोचवायला काय पडते, हे त्यांना शिबिरातल्या वक्त्यांपेक्षा नक्कीच जास्त ठाऊक असणार.

तेव्हा आपणही तोच प्रश्न विचारू. पुडके पोचवायला काय पडते?

पश्चिम आंबेगावातला इंद्रायणी तांदूळ घ्या. पुढचे आकडे उदाहरणासाठी आहेत, तुम्ही तुमचे घाला. समजा, व्यापारी ६० रुपये किलोने दारातून नेतो आणि मुंबईचे गिऱ्हाईक मोबाईलवर ९० रुपये द्यायला तयार आहे. ५ किलोच्या पिशवीमागे १५० रुपये जास्त. ऐकायला गोड आहे. आता पिशवी, खोका आणि चिकटपट्टीचे २५ रुपये काढा, कुरिअरचे ११० काढा. उरले १५. तांदूळ निवडणे, तोलणे, भरणे, पत्ता लिहिणे, गिऱ्हाइकाच्या तीन फोनना उत्तर देणे आणि पुडके मंचरला नेऊन टाकणे यात अर्धा तास जातो. आठ तासांची मजुरी ५०० रुपये धरली तर त्या अर्ध्या तासाचे ३१ रुपये होतात. म्हणजे पिशवीमागे १६ रुपये तोटा. गिऱ्हाइकाने पुडके घेतलेच नाही, तर जाण्याचे भाडे गेले आणि येण्याचेही आपल्याच बोकांडी.

हा तोटा पोराला दिसत का नाही? कारण ते ३१ रुपये तो कुणाला देतच नाही. रात्री भांडी घासून झाल्यावर आई आणि बायको तांदूळ निवडायला बसतात, त्यांचे दाम शून्य. कृषिमूल्य आयोग शेतकरी कुटुंबाच्या श्रमाचे मोल कमी धरतो म्हणून आपण रान उठवले. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा दिली. १९८६ साली चांदवडला लाखो मायबहिणी जमल्या. आणि आज आपल्याच घरात, आपलाच पदवीधर मुलगा तोच हिशेब करतो आहे, घरच्या बाईचा घाम फुकट धरून नफा दाखवतो आहे! आयोगाने केले तर शोषण आणि आपण केले तर स्टार्टअप, हे चालायचे नाही.

आता दलालाचे. त्याला शिव्या देणे सोपे आहे. पण दलाल काढला म्हणून त्याचे काम नाहीसे होत नाही. वर्गवारी, तोलाई, वाहतूक, नासाडी, बुडालेली उधारी हे सगळे आपल्या ओटीवर येऊन पडते. ते त्याच्यापेक्षा स्वस्तात करता आले तरच धंदा. मोठ्या ऑनलाइन बाजारात माल लावाल तर तिथेही कमिशन आहे, जाहिरातीचे पैसे आहेत आणि परत आलेल्या मालाचे भाडे आहे. आडत्या निदान समोर दिसतो, त्याच्याशी भांडता येते.

हिशेब बसतो कुठे, तेही सांगतो. तोच तांदूळ. मोबाईलवर आठवडाभर मागणी गोळा करा आणि पुण्यातल्या एका सोसायटीत एकाच दिवशी ६० पिशव्या उतरवा. जादा मिळणारे ९,०००. पिशव्यांचे ६००, पिकअपच्या जाण्यायेण्याचे ३,०००, तिघांची दिवसाची मजुरी १,५०० वजा करा. ३,९०० हातात राहतात, आणि यात घरच्यांची मजुरी धरलेली आहे. साधन तेच, मोबाईल. फरक पडला तो भाड्यात.

२०२० च्या टाळेबंदीत आपल्या भागातल्या कितीतरी मुलांनी हेच केले होते. व्हॉट्सॲपवर यादी आणि सोसायटीच्या फाटकावर भाजी. टाळेबंदी उठली, हातगाडी पुन्हा दारात आली आणि बहुतेकांचे बंद पडले. टिकले ते चार-पाच घरांचा माल एकत्र करणारे, वार ठरवून जाणारे. फळे आणि भाजीपाला जुलै २०१६ मध्ये राज्याने बाजार समितीच्या नियमनातून काढलेला आहे. तेव्हा सोसायटीच्या फाटकावर उभे राहायला समितीची परवानगी लागत नाही, हे पोरांना ठाऊक असू द्या.

आणि कुरिअरने पाठवायचाच असेल तर माल निवडताना शेतीचे डोके वापरा. वजनाला हलका, किलोला महाग, महिनाभर न नासणारा माल पाठवा. टोमॅटो या तिन्हीत नापास. बेदाणा पास, साजूक तूप बरेचसे पास. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातला बाळहिरडा तर पहिल्या वर्गात पास! वाळलेला, हलका, टिकाऊ. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करून विकण्याचा हक्क वनवासींना दिला आहे. तरी तो हिरडा पोत्याने व्यापाऱ्याच्या भावात जातो आणि शहरात त्याचेच चूर्ण शंभर ग्रॅमच्या डबीत मिळते. डबीवरची किंमत दहाने गुणून पाहा. शिबिरे घ्यायचीच तर त्या गावांत घ्या.

आता सरकारकडे वळू, कारण 'ऑनलाइन जा' म्हणण्यात तेच पुढे असते. २०२३ च्या उन्हाळ्यात टोमॅटो मातीमोल झाला तेव्हा कोणाला ऑनलाइन आठवले नाही. जुलैत नारायणगावला २० किलोच्या क्रेटने दोन हजारांचा आकडा ओलांडला आणि दिल्लीला लगेच आठवले. केंद्राच्या ग्राहक सहकारी महासंघाने ओएनडीसी या ऑनलाइन जाळ्यावर ७० रुपये किलोने टोमॅटो विकायला काढला. नेपाळमधूनही टोमॅटो आणला. म्हणजे ज्या साधनाने तुमचा भाव वाढेल असे शिबिरात सांगतात, तेच साधन भाव पाडायला वापरले! त्याच ऑगस्टमध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क आले आणि ८ डिसेंबरला निर्यातबंदी. ती उठायला ४ मे २०२४ उजाडला, शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५. दुबईच्या गिऱ्हाइकाने मोबाईलवर कितीही मागणी नोंदवू दे, बंदर बंद असेल तर तुमचे दुकान उघडे असून काय उपयोग?

कराचेही तसेच. कर लागणारा माल दुकानात बसून विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी नको. तोच माल ऑनलाइन बाजारातून विकणाऱ्या छोट्या माणसाला मात्र पहिल्या रुपयापासून नोंदणीची सक्ती होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यांना सूट मिळाली. चुलत्याचा, शेजाऱ्याचा बेदाणा विकत घेऊन ओतूरचा पोरगा याच बाजारातून सुरतेला एक डबा पाठवील, तर पुन्हा नोंदणी आली. स्वतःच्या रानातला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला नोंदणी लागत नाही. पण चार घरांचा माल एकत्र केला की तो शेतकरी राहत नाही, व्यापारी होतो. आणि एकत्र केल्याशिवाय तर भाडे परवडत नाही! शिवाय १८ जुलै २०२२ पासून पिशवीत भरून लेबल लावलेल्या तांदळावर आणि गुळावर ५ टक्के कर बसवला. सुटा विकला तर कर नाही. मूल्यवर्धन करा म्हणणारेही हेच आणि मूल्य वाढवले म्हणून कर लावणारेही हेच.

जाता जाता एक सावधगिरी. मोठी मागणी नोंदवून, कधी फौजी असल्याची बतावणी करून, 'पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका' असे सांगणारे फोन येतात. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की फोन ठेवा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० ला फोन लावा.

पुढच्या जिल्हा बैठकीत हा विषय घ्यायचा आहे. मागण्या दोन: भाव चढला की सरकारने स्वस्ताईची दुकाने थाटायची नाहीत, आणि चार घरांचा माल एकत्र करून विकणाऱ्या गटाला शेतकरीच धरायचे. ज्यांनी मोबाईलवरून काही विकले आहे, मग तो एक हंगाम असो की एक महिना, त्यांनी वही घेऊन यावे. किती किलो, किती भाडे, किती परत आले, किती बुडाले आणि घरातल्या कोणाचे किती तास गेले, एवढे लिहिलेले असावे. बाईचे तास तिलाच विचारून लिहा.