सफरीची तयारी : काष्टीहून हेगला



या महिन्याचे पत्र काष्टीहून, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्याच्या श्रीगोंदा तालुक्यातून आले आहे. लिहिणाऱ्या भगिनीची मुलगी पुण्यात कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. नेदरलँड्समधील हेग शहरात जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आंतरराष्ट्रीय कायद्याची परिषद आहे आणि तिथे वाचण्यासाठी तिचा निबंध निवडला गेला आहे. वडील आठवडे बाजारात कपड्याची पाल लावतात, थोडी शेती आहे. घरात आनंद आहे आणि धास्तीही. एक एजंट ठोक रक्कम घेऊन ‘व्हिसाची गॅरंटी’ देतो म्हणतो. वडिलांचे म्हणणे, पोरगी एकटी एवढ्या लांब कशी पाठवायची. बहीण विचारतात, ‘सुरुवात कुठून करू?’

सुरुवात परिषदेपासूनच करा. निबंध पाठवल्यावर दुसऱ्याच दिवशी ‘निवड झाली’ असा ईमेल येतो, मग नोंदणीचे आणि हॉटेलचे पैसे एखाद्या व्यक्तीच्या खात्यावर भरायला सांगतात. अशा खोट्या परिषदा आज पुष्कळ आहेत. आयोजक विद्यापीठ किंवा संस्था कोणती, तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर या परिषदेचा उल्लेख आहे का, हे मुलीच्या प्राध्यापकांकडून तपासून घ्या. परिषद खरी निघाली की आयोजकांकडून निमंत्रणपत्र मागवा. त्यात मुलीचे नाव पासपोर्टप्रमाणे, पासपोर्ट क्रमांक, परिषदेच्या तारखा आणि खर्च कोण करणार हे लिहिलेले असावे. विद्यार्थ्यांना फी माफ होते का, प्रवासखर्चाला मदत मिळते का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारा. मागायला संकोच नको. पुष्कळ परिषदा अशी मदत देतात, पण विचारणाऱ्यालाच.

आता वडिलांचा प्रश्न. तो बाजूला सारून कागद गोळा करत बसू नका, कारण त्याच्या उत्तरावर कागद अवलंबून आहेत. हनफी मसलकाचे प्रसिद्ध मत असे की, स्त्रीने लांबचा प्रवास महरमशिवाय करू नये. आजच्या काळातील काही उलेमा सुरक्षित मार्ग आणि विश्वासू सोबत असेल तर सवलत देतात. आपल्याकडे 2018 पासून पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रियांना चौघींच्या गटाने महरमशिवाय हजला जाण्याची परवानगी मिळाली, तेव्हाही घराघरांत ही चर्चा झाली होती. मी मुफ्ती नाही. तुम्ही ज्या आलिमांना मानता त्यांना विचारा, पण याच आठवड्यात विचारा. भाऊ सोबत जाणार असेल तर त्याचाही पासपोर्ट, त्याचाही अर्ज, त्याचाही विमा लागेल आणि खर्च जवळपास दुप्पट होईल. कॉलेजमधून कोणी प्राध्यापिका किंवा मैत्रीण जाणार असेल तर तारखा आणि विमान एकच ठेवता येईल. घरचा निर्णय ‘नाही’ असाच झाला, तर निबंध ऑनलाइन वाचू देता का, असे आयोजकांना वेळेत विचारता येते. मनातले सांगायचे तर मुलीने जावे असे मला वाटते. पण व्हिसाची फी भरल्यानंतर घरात वाद निघणे सगळ्यात वाईट. ती फी परत मिळत नाही.

आणखी एक, त्यांना हेही सांगा की हे शहर आपल्याला अगदी परके नाही. दादरा-नगर हवेलीच्या वाटेवरून पोर्तुगालने भारताविरुद्ध 1955 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला, तेव्हा त्या खटल्यापुरते भारतातर्फे नेमलेले न्यायाधीश होते मुंबईचे महंमद करीम छागला. निकाल 12 एप्रिल 1960 रोजी लागला. ज्या पीस पॅलेसजवळ तुमची लेक निबंध वाचणार आहे, त्याच इमारतीत हे न्यायालय भरते.

व्हिसाकडे वळू. नेदरलँड्ससाठी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. या पंधरा दिवसांच्या भरवशावर राहू नका. अपॉइंटमेंटच लवकर मिळत नाही. जानेवारीची परिषद असेल तर नोव्हेंबरमध्ये बोटांचे ठसे देऊन झालेले बरे. प्रौढ व्यक्तीची फी 90 युरो आहे, केंद्राचा सेवाखर्च वेगळा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन पाने कोरी असलेला हवा. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा लागतो. फोटोत हिजाब चालतो, चेहरा मात्र हनुवटीपासून कपाळापर्यंत स्वच्छ दिसला पाहिजे.

आपल्या घरांत खरी अडचण येते ती नावाची. मराठीत शेख म्हणजे शेख. पण इंग्रजीत दहावीच्या गुणपत्रिकेवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे, वडिलांच्या बँक पासबुकावर तिसरे. सय्यद, काझी, मोमीन यांचीही तीच गत. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी, कुठे वडिलांचे नाव मुलीच्या नावात मिसळलेले. पत्रातल्या बहिणींनीही हेच लिहिले आहे, पासपोर्टवर एक आणि वडिलांच्या खात्यावर दुसरे. खर्च वडील करणार म्हटले की ते तिचेच वडील आहेत हे कागदाने दिसावे लागते. वेळ असेल तर आधार आणि बँकेतली नावे पासपोर्टप्रमाणे दुरुस्त करून घ्या. ही दुरुस्ती तुलनेने सोपी असते. वेळ नसेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, असे प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून अर्जासोबत लावा. विमानाचे तिकीट, विमा, निमंत्रणपत्र यांवर मात्र पासपोर्टवरचेच स्पेलिंग हवे, अक्षर न् अक्षर.

दुसरी अडचण पैशाची, म्हणजे पैसा नसण्याची नव्हे, दिसण्याची. बाजाराचा धंदा रोखीचा. खात्यावर एरवी पाच-दहा हजार आणि अर्जाच्या आदल्या आठवड्यात अचानक दोन लाख, हे पाहून अधिकाऱ्याला पहिली शंका येते की रक्कम उसनी आणली असावी. आजपासून गल्ल्यातली रक्कम नियमित खात्यावर भरा. शेतीचे उत्पन्न कारखान्याचे उसाचे बिल, दूध डेअरीचे बिल, बाजार समितीची पट्टी यांवरून दाखवता येते. सात-बारा जोडलात तर त्याचा इंग्रजी अनुवादही जोडा. आयकर विवरणपत्रे भरली असतील तर उत्तम. नसतील तर पगारदार मामा किंवा चाचा खर्चाची हमी देऊ शकतात. त्यांचे पत्र, पगाराच्या स्लिपा, बँकेचा उतारा आणि नात्याचा पुरावा लागेल. मुलगी परत येणार हेही दिसले पाहिजे. त्यासाठी कॉलेजचे बोनाफाइड, ‘परीक्षा अमुक महिन्यात आहे’ असे पत्र आणि सुट्टीची परवानगी जोडा.

म्हणून त्या एजंटला नकार द्या. व्हिसाची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही. फॉर्म भरून देण्याचे वाजवी पैसे घेणारा वेगळा. ‘बँक स्टेटमेंट मी बनवून देतो’ म्हणणारा तुमच्या मुलीच्या नावावर खोटा कागद लावत असतो. शेंगेन देशांची माहिती-यंत्रणा एकच आहे. एका देशातली नोंद दुसऱ्यालाही दिसते, आणि ही मुलगी तर वकील होणार आहे. खऱ्या कागदांवर नकार आला तर कारण लेखी मिळते आणि नेदरलँड्सच्या बाबतीत चार आठवड्यांत आक्षेप नोंदवता येतो. व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारे तिकीट काढू नका. अर्जाला आरक्षण पुरते.

मुंबईहून ॲमस्टरडॅमला थेट विमान आहे. तिकीट काढताना ‘मुस्लिम मील’ नोंदवा, ते आयत्या वेळी मिळत नाही. ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे, हेग तिथून अर्ध्या-पाऊण तासावर. पाट्यांवर ‘डेन हाग’ लिहिलेले असते आणि शहरात मोठी स्टेशने दोन आहेत, सेंट्राल आणि होलांड्स स्पोर. कुठे उतरायचे ते आधी ठरवा. हेगमध्ये राहणे महाग वाटले तर शेजारचे डेल्फ्ट पाहा. तिथून एक नंबरची ट्राम थेट पीस पॅलेसवरून जाते. ट्रामला बँकेचे कार्ड टेकवून चढायचे आणि उतरतानाही पुन्हा टेकवायचे. विसरलात तर जास्त पैसे कापले जातात. बऱ्याच दुकानांत रोख घेतच नाहीत. तेव्हा निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी वापर आणि टॅप करून पैसे देण्याची सोय सुरू करा, नाहीतर फॉरेक्स कार्ड घ्या.

नमाजचे नियोजन ऋतूवर ठरते. जानेवारीत तिथे सूर्य सकाळी साडेआठनंतर उगवतो आणि सायंकाळी पाचच्या सुमारास मावळतो. फजर आरामात मिळते, पण जोहर, असर आणि मगरिब एकच्या सुमारापासून सव्वापाचपर्यंत येतात, नेमक्या परिषदेच्या वेळात. आयोजकांना आधीच लिहा की नमाजसाठी एखादी शांत खोली हवी. असे लिहिणे तिथे कोणाला विचित्र वाटत नाही. प्रवासात कस्र आहेच. हनफी मतानुसार एका ठिकाणी पंधरा दिवसांपेक्षा कमी राहण्याची नियत असेल तर चार रकातींचा फर्ज दोन होतो. आपले कोकणातले शाफई वाचक येण्या-जाण्याचे दिवस सोडून चार दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तरच कस्र करतात, मात्र त्यांना प्रवासात जोहर-असर एकत्र पढण्याची मुभा आहे. किब्ला इथल्यासारखा पश्चिमेला नाही, तिथून तो आग्नेयेला आहे. सवयीने चूक होते. शौचालयात पाणी नसते, एक रिकामी बाटली सोबत असू द्या.

शहराच्या मध्यभागी वाखेनस्त्रात रस्त्यावर अल अक्सा मशीद आहे, तुर्की लोकांची. ही इमारत पूर्वी यहुद्यांचे प्रार्थनागृह होती. शिल्डर्सवाइक भागात तुर्की आणि मोरक्कन लोकांची हलाल दुकाने भरपूर आहेत. हेगमध्ये सुरिनामहून आलेले भारतीय वंशाचे लोकही पुष्कळ आहेत. त्यांच्या हॉटेलांत रोटी, बटाटा आणि कोंबडीचा रस्सा मिळतो, हलाल आहे का ते विचारून घ्यावे. परिषदेच्या जेवणात शाकाहारी पर्याय मागितला की प्रश्नच मिटतो. ज्या भगिनी नकाब घेतात त्यांनी लक्षात ठेवावे की 1 ऑगस्ट 2019 पासून नेदरलँड्समध्ये ट्राम-रेल्वे, सरकारी कार्यालये, शाळा आणि दवाखाने इथे चेहरा झाकायला मनाई आहे. हिजाबला नाही.

भारताचा दूतावास हेगमध्येच आहे. त्याचा पत्ता आणि फोन कागदावर लिहून मुलीच्या पर्समध्ये ठेवा, मोबाइल बंदही पडतो. परदेशात अडकलेल्या माणसाला आपल्या वकिलातीशी बोलता येणे हा हक्क आहे, आणि कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात 2019 मध्ये याच शहरातल्या न्यायालयाने तो अधोरेखित केला.

डब्याविषयी विचारले आहे. सुके मटण, खिमा, तूप, खव्याची मिठाई यांतले काही देऊ नका. युरोपबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. ताजी फळेही नकोत, पण खजूर चालतो. शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी, चिवडा द्या.

शेवटी काष्टीतून निघण्याचे. मुंबईहून युरोपला जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर रविवार पहाटे दोन लिहिले असेल तर घर शनिवारी सोडायचे आहे, रविवारी नाही. या एका घोळात विमान चुकलेली माणसे आहेत. आणि शनिवार म्हणजे काष्टीचा बाजार. रस्त्यावर जनावरांचे टेम्पो, शिवाय जानेवारीत उसाच्या ट्रॉल्या. अब्बांनी त्या शनिवारी पाल लावू नये आणि मुलीने एक दिवस आधीच दौंड गाठून तिथून रेल्वेने मुंबईला जावे. विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचे, म्हणजे शनिवारी रात्री अकराला. मुंबईत नातलगांकडे जेवण आणि इशा उरकून निघता येईल.